शंकरपट आणि हजेरीपट

क्रिकेटचा एखादा मोठा सामना जवळ आला म्हणजे वर्तमानपत्रांतून एक ठराविक मजकूर प्रसिद्ध होत असतो. अमुक दिवशीं कचेऱ्या ओस पडतील, तमुक तासांत देशाचें इतक्या कोटींचें नुकसान होईल, असें त्यांत मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलेलें असतें. हा आंकडा कसा काढतात तें पाहूं गेल्यास त्यामागील गणित फार सोपें आढळतें: सामना पाहणारे लोक किती, त्यांचा ताशीं पगार किती, आणि सामना चालणार किती तास, या तिहींचा गुणाकार. या गणिताचा गुण असा कीं तें कोणालाहि करतां येतें; आणि दोष असा कीं कामावर असलेला माणूस प्रत्येक तास काम करीतच असतो असें तें गृहीत धरतें. ज्यानें कोणत्याहि कचेरींत एक दुपार काढली आहे त्याला या गृहीतकाविषयीं अधिक सांगावयास नको. शिवाय आज राहिलेला कागद उद्यां निकालांत निघतो, आणि तो आज राहिला होता हें पुष्कळदां कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. म्हणून रुपयांच्या हिशेबाचा हा भाग आम्ही येथेंच सोडून देतों.

परंतु हिशेब कच्चा ठरला म्हणून प्रश्न मिटत नाहीं. उलट तो मोकळा होतो. खेळ पाहण्यासाठीं कामावर खाडा करणें यांत कांहीं वाईट आहे काय, आणि असल्यास तें नेमकें कोठें आहे? काम चुकलें यांत, कीं तें ज्या रीतीनें चुकविलें त्या रीतींत? हा नीतीचा प्रश्न आहे, आणि तो आमच्या चांदा-गडचिरोलीच्या मुलुखांतून विचारण्यास एक विशेष कारण आहे. या दोन जिल्ह्यांत (१९८२ च्या ऑगस्टपर्यंत ते एकच होते) कामाचीं दोन घड्याळें शेजारीं शेजारीं चालतात. एक धानाचें व रानाचें घड्याळ. तें ऋतूंवर चालतें. दुसरें भोंग्याचें, तें कोळशाच्या खाणींत, बल्लारपूरच्या कागद-कारखान्यांत, गडचांदूरकडील सिमेंटच्या भट्ट्यांत आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रांत दिवसाचे तीन सारखे तुकडे पाडून चालतें. सरकारी कचेऱ्या व आमच्यासारख्यांचीं महाविद्यालयें हीं या दुसऱ्या घड्याळाचीं सावकाश चालणारीं भावंडें होत. या दोन घड्याळांखालीं खेळासाठीं पडणारा खाडाहि दोन जातींचा आहे. आणि त्या दोहोंतला भेद हाच आमच्या विवेचनाचा विषय.

पहिला खाडा शंकरपटाचा. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, आरमोरी, वडसा, कुरखेडा या भागांस धरून जो पूर्व विदर्भाचा धानाचा टापू आहे त्याला झाडीपट्टी म्हणतात. तेथें पावसाळ्यांत गुडघाभर चिखलांत रोवणी होते. दिवाळीच्या आगेंमागें कापणीला सुरुवात होते. मग बांधणी, मग चुरणें. धान एकदां घरांत येऊन पडलें कीं शेत मोकळें आणि माणूसहि मोकळा. अशा वेळीं, हिवाळ्याच्या दिवसांत, गांवोगांव पट भरतो. मोकळ्या झालेल्या बांध्यांतून लांब सरळ धांवपट्टी तयार करावयाची, हलक्या छकड्यांना बैलांच्या जोड्या जुंपावयाच्या, आणि धुरकऱ्यानें प्राण पणाला लावून त्या पिटाळावयाच्या, असा हा खेळ. निकाल सेकंदाच्या अंशावर ठरतो. चर्चा मात्र पुढच्या हंगामापर्यंत पुरते. अमक्या गांवच्या जोडीनें तमक्या सालीं काय केलें हें सांगणारे जाणते पटशौकीन या भागांत आहेत, आणि त्यांची स्मरणशक्ति आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांत असती तर आमचें पुष्कळ श्रम वांचले असते.

पट हा एकटा येत नाहीं. दिवसा पट आणि रात्रीं नाटक अशी जोडी ठरलेली आहे. वडसा हें झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचें मोठें ठाणें. दिवाळीपासून होळीपर्यंत या मंडळ्या गांवोगांव फिरत असतात, आणि रात्रीं दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहांटेपर्यंत पडत नाहीं. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पुण्या-मुंबईच्या कांहीं मंडळींना अशी एक रंगभूमि आहे हें प्रथम कळलें. असो. पटाच्या निमित्तानें लेकी माहेरीं येतात, जांवई येतात, व्याही येतात. उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणीं निघतात. तात्पर्य, त्या दिवशीं गांवांत कोणी कामावर नसतो, आणि रात्रभर नाटक पाहिलेला गांव दुसऱ्या दिवशींहि दुपारपर्यंत उठत नाहीं. वर्तमानपत्री गणित लावलें तर पटाइतका खर्चिक खेळ पृथ्वीवर दुसरा नसेल.

आमचा व्यवसाय शिकविण्याचा असल्यामुळें या खाड्याशीं आमचा जुना परिचय आहे. हिवाळ्यांतल्या एखाद्या सकाळीं वर्गांतलीं निम्मीं बांकें रिकामीं दिसतात. दुसऱ्या दिवशीं विचारलें तर विद्यार्थी उभा राहून सांगतो, "सर, गांवांत पट होता जी." सांगतांना त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची छटा नसते, कांहीं निमित्त रचावें असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. हाच विद्यार्थी पुढें पदवीधर होतो, जिल्ह्याच्या ठिकाणीं एखाद्या कचेरींत चिकटतो. आणि क्रिकेटच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना आला म्हणजे त्याला ताप येतो, किंवा त्याची आजी अत्यवस्थ होते. ३० मार्च २०११ रोजीं मोहालीस भारत-पाकिस्तानचा असा सामना झाला. तो बुधवार होता. त्या बुधवारीं आमच्या नगरांत किती आज्या अत्यवस्थ झाल्या याची नोंद कोणीं ठेवली नसावी, पण ती मोठी असती यांत आम्हांस शंका नाहीं.

पट पाहणारा विद्यार्थी आणि सामना पाहणारा कारकून हे एकच गृहस्थ आहेत. मग मध्यें काय घडलें? खेड्यांतला माणूस सत्यवादी असतो आणि शहरांत आल्यावर तो बिघडतो, हें सोपें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. खेड्यांत खोटें किती बोलतात हें खेड्यांत राहिलेल्यास चांगलें ठाऊक आहे. फरक माणसाच्या स्वभावांत नसून व्यवस्थेंत आहे. पटाचा दिवस गांवानें बसून ठरविलेला असतो; तो आधीं ठरतो, उघडपणें ठरतो आणि सर्वांना लागू असतो. तो ठरतो तेव्हां धान घरांत आलेलें असतें. म्हणजे त्या दिवशीं न केल्यानें बिघडेल असें काम बहुधा शिल्लक नसतें. आणि सर्वच गैरहजर असल्यामुळें एकाच्या गैरहजेरीचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर पडत नाहीं. खोटें बोलण्यास जें जें कारण लागतें तें तें येथें नाहींसें झालेलें असतें. कचेरींत यांतलें एकहि नसतें.

येथें पटाची आरती ओवाळली असें कोणास वाटूं नये म्हणून दोन गोष्टी तत्काळ सांगितल्या पाहिजेत. "सर्व गांव मोकळा" असें आम्हीं वर म्हटलें. पण ज्या घरीं दहा पाहुणे उतरले त्या घरची बाई मोकळी नसते. उलट, पटाच्या दोन दिवसांत तिच्या चुलीला उसंत नसते. पाणी, सरपण, भात, भाजी, पुन्हां भात. पुरुषांचा खाडा बायकांच्या कामावर उभा राहतो, आणि बायकांचें काम कोणत्याहि हजेरीपटावर चढत नसल्यानें तें कोणाला दिसत नाहीं. अलीकडे रात्रीच्या नाटकाला बायका मोठ्या संख्येनें येऊन बसतात हें खरें. परंतु त्या स्वयंपाक आटोपून येतात.

दुसरी गोष्ट बैलांची. शेतकऱ्यानें बैलाला वर्षांत एक दिवस खऱ्या सुटीचा दिला आहे, तो पोळ्याचा. त्या दिवशीं बैल जुंपावयाचा नाहीं, त्याला न्हाऊं घालावयाचें, सजवावयाचें, पुरणाचा घास भरवावयाचा. पटाच्या दिवशीं मात्र माणसाची सुटी आणि बैलाची कमाई. पटशौकीन म्हणतात कीं पटाच्या जोडीला घरच्या मुलासारखें पोसतात, आणि तें पुष्कळ अंशीं खरें आहे. पण मुलासारखें पोसूनहि त्याला आरी टोंचणारे निघत, हेंहि खरें होतें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जलिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीहि बंद केल्या त्या याच कारणावरून. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायदा बदलला, पण उच्च न्यायालयांत तो अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें ती कायम केली. मधलीं सातआठ वर्षें पट कायद्यानें बंद होता. त्या काळांत झाडीपट्टींत शेतीचें उत्पन्न वाढलें, लोक अधिक कामसू झाले, असें निदान आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. नाटकें चालूच राहिलीं आणि लोक जागतच राहिले. ज्यांना मनोरंजन बंद केलें म्हणजे उद्योग वाढतो असें वाटतें त्यांनीं या वर्षांकडे एकदां पाहावें.

आतां दुसऱ्या घड्याळाकडे वळूं. चंद्रपूरच्या वीजकेंद्राचा बाष्पक, म्हणजे ज्याला तेथील सर्व लोक बॉयलर म्हणतात तो, धान चुरून झालें म्हणून थंड होत नाहीं. कागदाचें यंत्र मध्येंच थांबविलें तर लगद्याचें नुकसान. सिमेंटची भट्टी थंडावली तर ती पुन्हां तापविण्याचा खटाटोप. खाणींतला पाणी उपसणारा पंप थांबला तर खाण बुडण्याची भीति. अशा ठिकाणीं गांवानें एकमतानें ठरवूनहि पट भरवितां येत नाहीं. कोणीतरी जागेवर असलाच पाहिजे. रुग्णालयांतली परिचारिका, फाटकावरचा रेल्वेचा नोकर, जंगलांत वणवा लागूं नये म्हणून उन्हाळ्यांत फिरणारा वनरक्षक, हे सर्व याच वर्गांतले.

या वर्गाचें आणि खेळाचें नातें एका परदेशी उदाहरणानें फार स्पष्ट होतें. ४ जुलै १९९० रोजीं इटलींतील ट्यूरिन येथें इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यामध्यें फुटबॉलच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. सगळा इंग्लंड देश घरांत बसून तो पाहत होता. सामना पेनल्टींवर निकालांत निघाला, इंग्लंड हरलें, आणि लोक एकदम उठले. कोणीं दिवे लावले, कोणीं चहासाठीं विजेच्या किटल्या. आणि कांहीं क्षणांत तेथील विजेची मागणी सुमारें २८०० मेगावॉटनीं वाढली. वाचकांस हा आंकडा केवढा याची कल्पना यावी म्हणून सांगतों कीं आमच्या चंद्रपूर केंद्राची सगळी मिळून स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे. म्हणजे एक संपूर्ण चंद्रपूर, एका चहासाठीं. ती वीज पुरविण्यासाठीं जे लोक त्या रात्रीं नियंत्रण-कक्षांत यंत्रांवर डोळे लावून बसले होते, त्यांना सामन्याचा वेळापत्रकापुरता उपयोग होता. तो केव्हां संपतो एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. लाखों लोकांनीं खेळ पाहावा म्हणून कांहीं थोड्यांनीं तो पाहावयाचा नसतो. ही गोष्ट ज्यानें एकदां मनांत घेतली त्याला खाड्याचा प्रश्न "काम विरुद्ध करमणूक" असा दिसत नाहीं. तो "माझी करमणूक आणि दुसऱ्याचें काम" असा दिसूं लागतो.

आमच्या मतें खाड्यांतला पहिला खरा दोष येथें आहे. दुपारच्या पाळीचा माणूस न सांगतां घरीं राहिला तर बॉयलर बंद पडत नाहीं. सकाळच्या पाळीच्या माणसाला आणखी आठ तास थांबावें लागतें. नुकसान कारखान्याचें होत नाहीं, सोबत्याचें होतें. त्या सोबत्यालाहि कदाचित् सामना पाहावयाचा होता. कदाचित् त्याच्या मुलीला त्या संध्याकाळीं दवाखान्यांत न्यावयाचें होतें. वर्तमानपत्री गुणाकारांत ही मुलगी कोठें बसवावयाची?

दुसरा दोष असत्याचा. तो लहान वाटतो, आणि तो लहान वाटतो म्हणूनच त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. खेळासाठीं आजाराचें निमित्त सांगणें ही केवळ आपल्याकडची खोड नव्हे. १९८८ सालीं कॅनडांतील कॅलगरी येथें हिवाळी ऑलिंपिक झालें. वेळेच्या अंतरामुळें त्याचीं प्रक्षेपणें स्वीडनांत रात्रीं दिसत. एका स्वीडिश अर्थशास्त्रज्ञानें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें कीं त्या दिवसांत बायकांच्या मानानें पुरुषांचीं आजारपणें वाढलीं होतीं. जेथें आजारी आहों एवढें स्वतः कळविलें कीं काम भागतें, जेथील शिस्तीची आम्ही वर्गांत स्तुति करतों, तेथेंहि खेळानें ताप येतो तर! आपल्याकडे तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि म्हणून एकाच्या खोट्यांत दुसऱ्यालाहि ओढावें लागतें.

या खोट्यानें कोणाचें काय बिघडतें, असें विचारणारे पुष्कळ आहेत, सद्‌गृहस्थ आहेत. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें अशा प्रश्नाला एक कसोटी सांगितली आहे: आपण जें करतों तें सर्वांनीं केलें तर काय होईल तें पाहा. खोटें वचन सर्वांनीं दिलें तर वचन या वस्तूलाच अर्थ उरणार नाहीं. ही कसोटी वर्गांत शिकवितांना मुलांना कोरडी वाटते. पण आमच्या जिल्ह्यांत तिचें अगदीं ओलें उदाहरण आहे. या भागांतील अनेक आदिवासी व इतर समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा उठतात. थंडीनें, अतिश्रमानें, पाणी कमी पडल्यानें हा झटका येतो. आदल्या दिवशीं चालताबोलता असलेला माणूस दुसऱ्या दिवशीं अंथरुणांतून हलूं शकत नाहीं, आणि तिसऱ्या-चवथ्या दिवशीं पुन्हां कामावर येऊन उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिसेल अशी खूण नाहीं. ना प्लास्टर, ना पट्टी. अशा शिपायाचा किंवा चौकीदाराचा सगळा आधार एकाच गोष्टीवर असतो: "मला बरें नाहीं" या त्याच्या शब्दावर साहेबानें विश्वास ठेवावा. सामन्याच्या दिवशीं दहा निरोगी माणसें हाच शब्द वापरून घरीं बसलीं, म्हणजे अकराव्याच्या तोंडांत तो शब्द खोटा होतो. आणि दुर्दैवानें त्याच दिवशीं त्याला झटका आला, तर "काय, सामना पाहावयाचा होता वाटतें?" हा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. कोट्यवधींचें राष्ट्रीय नुकसान आम्हांस दिसत नाहीं. हें नुकसान मात्र डोळ्यांस दिसतें.

मग कारकून खरें कां सांगत नाहीं? त्याच्या खात्यावर किरकोळ रजा असते. ती तो आनंदानें खर्चूंहि शकतो. परंतु रजेच्या अर्जांत कारण लिहावें लागतें, आणि आपल्या कचेऱ्यांत दुःख हेंच काय तें कारण समजलें जातें. आजार, मृत्यु, अपघात, फार तर घरचें लग्न; "सामना पाहावयाचा आहे" असें लिहिणारा माणूस उद्धट ठरतो. साहेबाला खरें ठाऊक असतें, कारकुनाला तें साहेबास ठाऊक आहे हें ठाऊक असतें, आणि तरी दोघे गंभीरपणें तापाचा कागद पुढें सरकवितात. कित्येकदां साहेबहि त्या दिवशीं "दौऱ्यावर" असतात. खोटें बोलण्याची सक्ति करणाऱ्या व्यवस्थेकडे त्या खोट्याचा निदान निम्मा दोष जातो असें आम्हांस वाटतें.

यावर अलीकडे यंत्रांचा उपाय निघाला आहे. ज्या अंगठ्याला आमच्या आजोबांच्या पिढींत निरक्षरतेची खूण समजत, तोच अंगठा आतां पदवीधर अधिकाऱ्यालाहि रोज सकाळ-संध्याकाळ यंत्रास दाखवावा लागतो. अंगठा हजर होतो खरा. बाकीच्या माणसाचें काय? आकाशवाणीच्या काळांत, बाळ ज. पंडितांचें मराठी धांवतें वर्णन कानावर पडत असतां, हात कांहींतरी लिहीत तरी असत. कान खेळाला आणि हात सरकारला अशी वांटणी होती. दूरदर्शननें डोळे घेतले, पण त्यासाठीं खुर्ची सोडून उठावें लागे. आतां मोबाईल टेबलाच्या खणांत असतो, आणि माणूस न उठतां गैरहजर होऊं शकतो. इंद्रियें आवरून बसणारा पण मनानें विषयांतच रमणारा जो, त्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत मिथ्याचारी म्हटलें आहे. अंगठ्याच्या यंत्राला हा श्लोक येत नाहीं.

येथवर आम्ही पगारी माणसाविषयीं बोललों. पण याच जिल्ह्यांत असा मोठा वर्ग आहे कीं ज्याला रजा हा शब्दच लागू नाहीं. क्रिकेटची साखळी-स्पर्धा २००८ पासून दर उन्हाळ्यांत भरते. तिचे ऐन भराचे दिवस आणि गडचिरोलीच्या रानांतला तेंदूपानांचा हंगाम हे मे महिन्यांत एकत्र येतात. बायका-माणसें पहांटे रानांत शिरतात, दुपारीं घरीं बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळीं ते फळीवर नेऊन मोजून देतात. मजुरी पुड्यांवर. एक दिवस गेला नाहीं तर त्या दिवसाचे पैसे नाहींत. आणि हंगाम थोड्याच दिवसांचा. असा मजूर पटाला किंवा लग्नाला गेला कीं कंत्राटदार व अधिकारी तक्रार करूं लागतात: "हे लोक आळशी, चार पैसे हातांत आले कीं कामावर येत नाहींत." या तक्रारीकडे थोडें रोखून पाहावें. मजुरानें आपला दिवस आपल्या पैशानें विकत घेतला. त्यानें कोणाला फसविलें नाहीं, कोणाचा पगार खाल्ला नाहीं. सामन्याच्या दिवशीं पगार चालू ठेवून ताप आणणारा गृहस्थ शौकीन, आणि स्वतःची मजुरी सोडून उघडपणें पटाला जाणारा आळशी, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? इंग्लंडांतील जुने कारागीर रविवारच्या पाठोपाठ सोमवारहि मोकळा घेत आणि त्याला विनोदानें "संत सोमवार" म्हणत. गिरण्यांचे मालक त्यांनाहि आळशीच म्हणत असत. नांव ठेवण्याचा अधिकार बहुधा भोंगा ज्याच्या हातीं असतो त्याच्याकडे जातो.

आणि तो रविवार तरी आपल्याकडे कोठून आला? मुंबईच्या गिरणी-कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी-कामगारांची संघटना उभी केली, सभा भरविल्या, अर्ज केले; आणि १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मान्य झाली. म्हणजे आज आपण ज्याला विश्रांतीचा जन्मसिद्ध दिवस समजतों तोहि कोणीतरी उघडपणें मागितला, तेव्हां मिळाला. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरांत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारीं घोड्यांची शर्यत असते, आणि त्या दिवशीं तेथें सार्वजनिक सुटी असते; ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. ब्राझीलमध्यें विश्वचषकांत स्वदेशाचा सामना असला म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या वेळा बदलतात. मेलबर्नकरांनीं जें कायद्यानें केलें तें झाडीपट्टीनें रूढीनें केलें आहे, एवढाच काय तो भेद.

तेव्हां मोठ्या सामन्याला सरसकट सुटी द्यावी असें आमचें म्हणणें आहे काय? नाहीं; आणि त्याचें कारण पटांतच सांपडतें. पटाला धानाचा लगाम आहे. धान चुरून झाल्याशिवाय तो भरत नाहीं, उन्हाळ्याचीं कामें लागलीं कीं तो संपतो. क्रिकेटला असा कोणताच लगाम उरलेला नाहीं. तें बारमास चालतें. त्याचे दिवस पीक ठरवीत नाहीं, व्यापार ठरवितो. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या दहाव्या भागांत म्हटलें आहे कीं करमणूक ही विसाव्यासारखी आहे आणि विसावा हा पुन्हां काम करतां यावें म्हणून असतो. पट हा अशा विसाव्याचा नमुना आहे. त्याच्या मागें रोवणी-कापणीचें अर्धें वर्ष उभें असतें. ज्या खेळाच्या मागें कोणताच थकवा नाहीं, जो जेवणाआधीं आणि जेवणानंतरहि ताटांत वाढलेला असतो, त्याला विसावा म्हणावें कीं आणखी एक नोकरी, याविषयीं आम्ही साशंक आहों.

व्यवहारांत मात्र एक चांगली रीत आधींपासूनच आहे, आणि ती कोणा तत्त्ववेत्त्यानें शोधलेली नाहीं. पाळ्यांवर काम करणारे लोक आपसांत पाळी बदलून घेतात. "आजची माझी दुपार तूं कर, पुढच्या आठवड्यांत तुझी रात्र मी करतों." यांत ताप नाहीं, आजी नाहीं, डॉक्टर नाहीं. खेळ कोण पाहणार आणि त्याच्यासाठीं कोण थांबणार हें दोघांना ठाऊक असतें, आणि थांबणाऱ्याची फेड ठरलेली असते. मुकादमाला कळविलें कीं काम झालें. पाळींत माणसें तितकींच राहतात, त्यामुळें त्याचीहि सहसा हरकत नसते. कचेऱ्यांत असें कां होत नाहीं, याचें उत्तर बहुधा असें कीं तेथें एक माणूस नसला तरी कोणाला थांबावें लागत नाहीं. फक्त बाहेरच्या बांकावर बसलेल्या खेडुताला थांबावें लागतें, आणि तो कोणाच्या पाळींत मोडत नाहीं. अहेरी किंवा भामरागडकडून सकाळच्या एस.टी.नें निघून, दुपारीं जिल्ह्याच्या कचेरींत दाखल्यासाठीं उभा राहिलेल्या त्या माणसाचा दिवस फुकट गेला तर तो कोणत्याहि हजेरीपटावर खाडा म्हणून लागत नाहीं. सामना पाहण्यास जाणाऱ्यानें त्याच्याशीं पाळी कशी बदलावी?

१९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादेस विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तो रविवारीं. कचेऱ्या बंदच होत्या. त्यामुळें त्या दिवशीं कोणाला ताप येण्याचें कारण नव्हतें. खाणींत, वीजकेंद्रांत, दवाखान्यांत मात्र दुपारची पाळी नेहमीसारखी भरली, आणि तींत अनेक जण सोबत्यासाठीं पाळी बदलून आलेले असतील. ऑस्ट्रेलियानें सहा गडी राखून सामना जिंकला. ज्यांनीं तो पाहण्यासाठीं पाळी बदलून घेतली होती त्यांना त्याची फेड पुढच्या आठवड्यांत ठरल्याप्रमाणें करावीच लागली असेल.